अंडाशय ठेवलं का, हे कागदावर लिहा

लातूरला कुणी घरच्या मांजरीचं ऑपरेशन करायला घेऊन आलं की टाके घालून झाल्यावर मी हमखास सांगते: आता हिची भूक वाढेल आणि अंगाला लागणारी ऊर्जा मात्र कमी होईल. खाणं साधारण पाव हिश्शानं कमी करा. महिन्याला वजन करा. पोट सुटायला लागलं तर वाट बघू नका, घेऊन या. या ऑपरेशनमध्ये आम्ही मांजरीचं गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढतो. अंडाशय गेलं की त्यात तयार होणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटतं आणि त्याबरोबर भुकेचा, चरबीचा, रक्तातल्या साखरेचा सगळा हिशेब बदलतो. हे आम्हाला शिकवलेलं असतं, म्हणून आम्ही सांगतो. मालकही मन लावून ऐकतात.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या एका गावात बैलांना लाळ्या-खुरकुताची लस टोचायला गेले होते. गावातली निम्मी घरं पंधरा दिवसांत कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, निघणार होती. एक बाई कासरा घट्ट धरून बैलाच्या मानेला हात लावून उभी होती. सुई टोचून झाली तरी ती हलेना. बाकीची माणसं पांगल्यावर जवळ येऊन म्हणाली, "डॉक्टरबाई, तुम्ही जनावराच्या ना? मंग पिशवीचं तुम्हाला कळत असंलच की."

तिचं वय अडतीस. पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढली सत्ताविसाव्या वर्षी. अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं, फडात उभं राहवत नव्हतं. एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली, 'पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल' असं सांगितलं गेलं आणि चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. पैसे ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ उचलीतून गेले. आता तिच्या अंगातून वाफा निघतात, पायाचे तळवे रात्रभर आग मारतात, लघवीला तीन-तीनदा उठावं लागतं. मी विचारलं, "ताई, नुसती पिशवी काढली का अंडाशयंपण काढली?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच अपराधी वाटलं. हा प्रश्न तिला अकरा वर्षांत कुणी विचारलेला नव्हता.

तिनं घरातून ट्रंकेतला कागद आणला. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर फडक्यात, असा दुहेरी गुंडाळलेला. दवाखान्यातून सोडताना दिलेलं कार्ड. त्यावर घाईच्या इंग्रजी अक्षरात 'टी.ए.एच.' लिहिलेलं होतं, म्हणजे पोटावर छेद देऊन गर्भाशय काढलं. त्यापुढे 'बी.एस.ओ.' असेल तर दोन्ही अंडाशयं आणि नळ्याही काढल्या असा अर्थ होतो. नेमकी तिथंच कागदाची घडी होती आणि घडीवर कागद विरून गेला होता.

मी पशुवैद्य आहे, माणसांची डॉक्टर नाही. पण मादीच्या शरीरात अंडाशय काय काय करतं हे मी तीस वर्षं रोज पाहते आहे, आणि त्याच अनुभवावर हा लेख लिहिते आहे.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे दर सहा बायकांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. त्यानंतर खासगी दवाखान्यांना शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागेल असा नियम आला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रानं केलेल्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी लागू कराव्यात असं बजावलं. हे सगळं गरजेचं होतं आणि ज्या कार्यकर्त्यांनी ते लावून धरलं त्यांचे उपकार मानले पाहिजेत.

पण ही सगळी चर्चा ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत येऊन थांबते. परवानगी होती का, गरज होती का, पैसे किती उकळले. ज्या चौदा हजार बायकांचं ऑपरेशन होऊन गेलं, त्यांचं पुढच्या चाळीस वर्षांत काय होणार? आपल्याकडे पिशवीकडे पाहण्याची रीतच अशी आहे की पोरं झाली, काम संपलं, आता ती असली काय नि नसली काय. बायका स्वतःही तसंच म्हणतात, कारण त्यांना तेवढंच सांगितलेलं असतं. गर्भाशयाच्या दोन बाजूंना बदामाएवढी जी दोन अंडाशयं असतात त्यांचं काम पोरं होऊन संपत नाही, हे कुणी बोलतच नाही.

हे ज्ञान नवं नाही. अर्जेंटिनाचे शरीरशास्त्रज्ञ बर्नार्दो उसाय, ज्यांना १९४७ चं नोबेल मिळालं, ते आणि त्यांचे सहकारी उंदरांचं स्वादुपिंड जवळजवळ सगळं काढून मधुमेह कसा होतो ते पाहत होते. तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. तेवढंच स्वादुपिंड काढलं तरी नरांना मधुमेह जास्त व्हायचा, माद्यांना कमी. माद्यांची अंडाशयं काढली की त्यांच्यातलं प्रमाण वाढायचं. त्यांना इस्ट्रोजेन दिलं की कमी व्हायचं. पुढच्या काळात हा प्रयोग उंदरांवर वेगवेगळ्या तऱ्हेनं पुन्हा पुन्हा झाला. तुपकट खाणं दिलं की नर उंदीर लवकर लठ्ठ होतो आणि त्याचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मादी बराच काळ टिकून राहते. अंडाशय काढलेली मादी मात्र नराच्या वाटेनं जाते.

इन्सुलिनला दाद न देणं म्हणजे काय, ते आपल्या भागातल्या माणसाला कारखान्याच्या यार्डावरून चटकन कळेल. रक्तातली साखर म्हणजे यार्डात उभ्या राहिलेल्या उसाच्या गाड्या. इन्सुलिन म्हणजे नंबर पुकारणारा माणूस. नंबर पुकारला की गेट उघडावं, गाडी काट्यावर जावी, ऊस गव्हाणीत पडावा. पण पुकारा होतोय आणि गेट जागचं हलत नाही, अशी अवस्था आली की यार्डात गाड्या साचत जातात. मग पुकारणारा आणखी जोरात ओरडतो, म्हणजे स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. काही वर्षं निभतं. शेवटी त्याचाही घसा बसतो, आणि त्या दिवशी तपासणीत 'शुगर निघते'.

इस्ट्रोजेन या गेटच्या बिजागरीला तेल घालत असतं. स्नायूंच्या पेशींत साखर आत घेणारी जी प्रथिनं असतात, त्यांना ते पेशीच्या कडेवर यायला मदत करतं. यकृत गरज नसताना साखर तयार करून रक्तात ओतत असतं, त्याला आवर घालतं. चरबी पोटात साचू न देता मांड्या-कंबरेकडे वळवतं. पोटातली चरबी जास्त घातक, हे आता घरोघरी माहीत आहे. मेंदूत भुकेला लगाम घालतं. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी लवकर मरू नयेत म्हणून त्यांचंही रक्षण करतं. ही सगळी कामं ज्या ग्राहकांमार्फत, म्हणजे संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या पेशींतल्या प्रथिनांमार्फत, होतात त्यातला मुख्य ग्राहक जन्मतःच नसलेले उंदीर शास्त्रज्ञांनी तयार केले, तेव्हा ते खाणं फारसं न वाढताही लठ्ठ झाले आणि त्यांची साखर बिघडली. आणि हा फरक नर-मादी दोघांतही दिसला.

'उंदीर काय नि माणूस काय' असं म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला. १९९४ मध्ये अमेरिकेत एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाची नोंद झाली. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेन भरपूर होतं, पण त्याचा ग्राहक जनुकातल्या दोषामुळे निकामी होता. त्याची उंची वाढतच राहिली होती, हाडं विरळ होती, आणि रक्तात इन्सुलिन जास्त असूनही साखर नीट जिरत नव्हती. उंदरात जे दिसलं तेच. पुढे अमेरिकेतच पाळी गेलेल्या हजारो स्त्रियांवर संप्रेरकांच्या गोळ्यांची मोठी चाचणी झाली. तिच्यातल्या एका गटात सगळ्या गर्भाशय काढलेल्या बायका होत्या आणि त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. त्या गटात मधुमेह बारा टक्क्यांनी कमी झाला, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन्ही संप्रेरकं मिळालेल्या दुसऱ्या गटात एकवीस टक्क्यांनी. युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या बायकांना मधुमेहाचा धोका पन्नाशीत पाळी जाणाऱ्यांपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी जास्त निघाला. अंडाशयंही काढली असतील तर आपली धारूरची बाई सत्ताविसाव्या वर्षीच त्या रांगेत उभी केली गेली.

इथं मला थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर हा लेख वाचून कुणी औषधाच्या दुकानात इस्ट्रोजेनच्या गोळ्या मागायला जाईल. त्या मोठ्या चाचणीतच पक्षाघाताचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसला, म्हणून मधुमेह टाळायला म्हणून या गोळ्या कुणी देत नाहीत. आणि मादीच्या शरीरात इन्सुलिनला दाद न देणं दर वेळी रोग नसतो, हेही खरं. आपल्या देवणी गाईचंच बघा. गाय व्याली की पहिले काही आठवडे तिचे स्नायू आणि चरबी इन्सुलिनचं ऐकत नाहीत. मुद्दामच. एक लिटर दूध तयार व्हायला सुमारे सत्तर ग्रॅम साखर लागते, आणि कासेला साखर घ्यायला इन्सुलिनची गरजच नसते. बाकीच्या अंगानं गेट बंद ठेवलं की सगळी साखर कासेकडे वळते आणि वासराला दूध मिळतं. शरीराची ही व्यवस्था पहिल्यांदा समजली तेव्हा मी परभणीच्या वसतिगृहात रात्री उशिरापर्यंत वहीत आकृत्या काढत बसले होते, इतकी ती मला सुंदर वाटली होती. गाय फार लठ्ठ असेल किंवा खाणं कमी पडलं तर मात्र हीच व्यवस्था अंगावर येते, किटोसिस हा आजार होतो, गाय चारा सोडते आणि तिच्या श्वासाला गोडसर वास येतो. कुत्रीत आणखी वेगळं. माज संपल्यावर दोन महिने तिच्या अंगात प्रोजेस्टेरॉन हे अंडाशयाचंच दुसरं संप्रेरक चढलेलं असतं, त्यानं वाढीचं संप्रेरक वाढतं, आणि काही कुत्र्यांना त्या काळात मधुमेह होतो. तिथं अंडाशय काढणं हाच उपचार ठरतो. स्त्रियांतही गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं, आणि जुन्या काळच्या जास्त मात्रेच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी साखर बिघडायची. म्हणजे संप्रेरक कुठलं, किती, कोणत्या वयात आणि कशाच्या सोबतीनं, यावर सगळं ठरतं. म्हणूनच तर ते एका घडीत, कागदावर धड न लिहिता, सत्ताविसाव्या वर्षी काढून टाकण्याची गोष्ट नाही.

हे शास्त्र इतकं जुनं असूनही दवाखान्यापर्यंत का पोचलं नाही, याचं एक कारण संशोधनातही आहे. कित्येक दशकं प्रयोगशाळांत नर उंदरांवरच काम चाललं. मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं, त्यामुळे निकाल खाली-वर होतात, अशी सबब असायची. नंतर मोजून पाहिल्यावर माद्यांचे निकाल नरांपेक्षा जास्त खाली-वर होत नाहीत असं दिसलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २०१६ पासून, संशोधनात नर आणि मादी दोन्हींचा विचार करा, असा नियमच केला. ज्या संप्रेरकामुळे मादीची साखर सांभाळली जाते, त्याच संप्रेरकाची अडचण वाटून मादीला प्रयोगातून वगळलं गेलं.

मी हे बोलते तेव्हा डॉक्टर मित्र म्हणतात, 'अहो, बहुतेक वेळा आम्ही अंडाशयं ठेवतोच.' ठेवत असतील, आनंद आहे. पण ठेवली तरी त्यांचं आयुष्य घटतं. गर्भाशय काढून अंडाशय ठेवलेल्या बायकांची पाळी जाण्याची वेळ एका अभ्यासात सरासरी ३.७ वर्षं आधी आलेली दिसली. अंडाशयाला मिळणाऱ्या रक्ताचा काही भाग गर्भाशयाकडून येतो, तो तुटतो, हे त्याचं एक कारण मानलं जातं. आणि गर्भाशय नसल्यानं पाळी तर आधीच बंद असते. अंडाशय कधी थकलं हे त्या बाईला कळायचं कसं? इतर बायकांना पाळी अनियमित होऊन खूण मिळते. हिला कसलीच खूण नाही.

दुसरा मुद्दा असा मांडतात की बायकाच मागणी करतात. करतात, खरं आहे. फडात एक दिवस खाडा पडला तर जोडीचे पैसे कापले जातात. खोपीत आडोसा नाही, पाणी नाही, पाळीत कापड धुवायला जागा नाही. पहाटे चारला मोळ्या गाडीत भरायच्या आणि पोटात कळा. अशा वेळी 'पिशवी काढली की सगळं थांबेल' असं सांगणारा माणूस देवासारखाच वाटतो. पण ज्या मागणीआधी 'यानंतर साखर, हाडं, हृदय यांवर परिणाम होऊ शकतो' हे वाक्य उच्चारलंच गेलं नाही, ती मागणी तिची म्हणवत नाही. लातूरची मांजरीची मालकीण निर्णय घेण्याआधी मला दहा प्रश्न विचारते आणि मी दहाही उत्तरं देते. धारूरच्या बाईला एकही प्रश्न विचारायची उसंत दिली नाही.

ऊसतोड बाईचं शरीर काटक असतं, साखर कसली होणार तिला, असंही ऐकलं. त्यात अर्धं खरं आहे. राबणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतो. कोयता चालतो तोवर ते श्रमच तिला सांभाळत असतात. पण चाळिशीत कंबर जाते, मोळी उचलवत नाही, ती खोपीवर स्वयंपाकाला आणि नातवंडं सांभाळायला बसते. संरक्षणाच्या दोन भिंतींपैकी इस्ट्रोजेनची भिंत आधीच पाडलेली, आता श्रमाचीही पडली. भारतात मधुमेह असलेल्यांचा आकडा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा कोटींच्या वर गेला आहे. त्यात बीडची ही बाई कुठं धरली आहे का, मला शंका आहे, कारण तपासणीला येणारी माणसं गावात असतात तेव्हा ती उसात असते.

माझं मागणं फार मोठं नाही. गर्भाशयाची कुठलीही शस्त्रक्रिया झाली की सोडतानाच्या कागदावर मराठीत, छापील अक्षरात लिहिलं पाहिजे: गर्भाशय काढलं, अंडाशयं ठेवली किंवा काढली, काढली तर एक की दोन्ही, आणि का. आम्ही गाईच्या कानाला बारा अंकी बिल्ला मारतो आणि तिची लस, तिचं रेतन, तिचं वेत ऑनलाइन नोंदवतो. बाईच्या अवयवाची नोंद एका ओळीत करायला काय अडचण आहे?

ज्यांची ऑपरेशनं होऊन गेली त्यांची यादी सरकारकडे २०१९ पासून आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याची सोय आहे. त्या यादीतल्या बायकांना या तपासणीत सगळ्यांत आधी घ्या. दसऱ्याआधी, निघण्यापूर्वी एकदा, आणि पाडव्याला परत आल्यावर एकदा. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी, रक्तदाब, कंबरेचा घेर. आशाताईंना या बायका घरनिशी माहीत असतात. खर्चाचं म्हणाल तर ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी महामंडळ आहे आणि कारखान्यांच्या गाळपावर त्यासाठी टनामागे पैसे घेतले जातात. ज्यांची दोन्ही अंडाशयं ऐन तारुण्यात काढली गेली त्यांना, इतर काही धोका नसेल तर, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन देण्याचा विचार व्हावा असं जगभरातले स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतात. मघाशी म्हटलं त्या धोक्यांचा हिशेब उतारवयातल्या बायकांचा आहे, तिशीतल्या बाईचा वेगळा. हा सल्ला पुण्या-मुंबईच्या बाईला मिळतो. तो वडवणी-पाटोद्याच्या बाईपर्यंत न्यायला आठवड्यातून एक दिवस एक तज्ज्ञ ग्रामीण रुग्णालयात बसवावा लागेल, आणि एवढं तरी जिल्ह्यानं करायलाच हवं.

त्या दिवशी मी त्या बाईला दुसऱ्या सकाळी उपाशीपोटी ग्रामीण रुग्णालयात बोलावलं आणि स्वतः बरोबर गेले. साखर १७१ निघाली. डॉक्टरांनी मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या महिनाभराच्या गोळ्या दिल्या, पायाला भेग पडू देऊ नका म्हणून सांगितलं, आणि अंडाशयांचं नक्की कळावं म्हणून अंबाजोगाईला सोनोग्राफी करून घ्या असं लिहून दिलं. अंबाजोगाईला जायला दिवस उरला नव्हता. मुकादमाचा ट्रक तिसऱ्या दिवशी आला.

जानेवारीत तिच्या मुलाचा फोन आला, साताऱ्याकडच्या एका फडावरून. गोळ्या संपून दीड महिना झाला होता. जवळच्या आरोग्य केंद्रात मायलेक गेले होते, तिथल्या सिस्टरनं आधीचे कागद मागितले. "मॅडम, काय सांगू त्यांना? पिशवीसंग गाठी काढल्या का म्हणून बी इचारलं," पोरगा म्हणाला. गाठी म्हणजे अंडाशयं. मी त्याला रुग्णालयाच्या केसपेपरचा फोटो पाठवला, तेवढाच माझ्या फोनमध्ये होता. ऑपरेशनचा कागद धारूरला त्यांच्या कुलूपबंद घरात, ट्रंकेत, फडक्यात गुंडाळून ठेवला आहे.